शेवटच्या रांगेतल्या ताई

कॉलेजात ताई म्हणजे एकच. प्राध्यापिका पुष्कळ होत्या, पण त्या सगळ्या मॅडम. ग्रंथालयातल्या बाई, प्रयोगशाळेतल्या मावशी, कॅन्टीनच्या गल्ल्यावरच्या काकू, ज्याला जसं सुचेल तसं तो हाक मारी. पण ‘ताईंनी बोलावलंय’ एवढा निरोप आला की पोरं दुसरीकडे कुठे न बघता तळमजल्यावरच्या ‘विद्यार्थी कार्यक्रम’ अशी पाटी असलेल्या खोलीत हजर होत. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं. हुद्दा म्हणाल तर लिपिकाचा, आणि निवृत्तीपर्यंत तोच राहणार हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ताईंना त्याचं काही वाटत नसे. त्यांना ती हाक पुरे होती.

खोलीतलं काम तसं रुक्ष. सभागृहाच्या तारखा लावायच्या, परवानग्या काढायच्या, पाहुण्यांना पत्रं धाडायची, खुर्च्या मोजून घ्यायच्या. टेबलावर आलेला कागद त्याच दिवशी ज्याचा त्याला पोचवायचा आणि सही घ्यायची, हा ताईंचा नियम. त्यात हयगय नाही. एकदा एक प्राध्यापक स्कूटरला किक मारत असताना ताईंनी धावत जाऊन त्यांच्यापुढे वही धरली होती. बिचाऱ्यांनी गाडीच्या सीटवरच सही ठोकली.

पण ताईंचा जीव रमे तो तालमीत. आंतरमहाविद्यालयीन नाट्यस्पर्धा जवळ आली की चार वाजता त्या सभागृहात जात आणि अगदी शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर विणकाम घेऊन बसत. मान खाली, सुया चालू. स्टेजवरचं एखादं वाक्य ऐकू आलं नाही की मान वर न करता उजवा हात वर. बस्स. मग ते वाक्य पुन्हा. हात खाली येईपर्यंत पुन्हा. सभागृह जुनं आणि लांबलचक, निम्मा आवाज वाटेतच गिळून टाकणारं. पोरं रडकुंडीला येत.

“ताई, घ्या ना खाली. हात दुखेल तुमचा.”

“माझा हात मजबूत आहे. तू तुझा घसा बघ.”

नाटक चांगलं की वाईट यातलं ताईंना फारसं कळत नसे, आणि तसं त्या कबूलही करत. पण त्यांच्या तालमीतून गेलेल्या पोराचा शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचे, हे बावीस वर्षं परीक्षक लिहून देत आले होते.

या पोरांमध्ये एक होती पुटपुटी. हे नाव ताईंनीच पाडलेलं. पहिल्या वर्षाला ती अर्ज मागायला आली तेव्हा ताईंनी चारदा ‘काय?’ विचारलं, आणि पाचव्यांदा तिनं बोलायचं सोडून चिठ्ठी लिहून दिली. ताईंनी ती चिठ्ठी तिच्यादेखत फाडली. “तोंड दिलंय ना? मग त्याचा उपयोग कर,” म्हणाल्या आणि तिला तालमीला नेऊन उभी केली. दोन वर्षं खपल्या तिच्यामागे. पहिल्या वर्षी तर एकाच वाक्यासाठी हात पाऊण तास वर होता. दुसऱ्या वर्षी तिच्या एका किंकाळीनं दाराबाहेरचा वॉचमन काठी घेऊन आत धावत आला, त्या दिवशी ताई घरी जाऊन दोन घास जास्त जेवल्या. स्वतःला त्यांना एकच मुलगा, तोही लग्न होऊन दूर. पुटपुटी त्यांना काय वाटे ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण न सांगताही सगळ्यांना दिसत होतं.

आणि मग मॅडम आल्या.

अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका, तिशीतल्या, हसऱ्या, पायांत कॅनव्हासचे बूट. सांस्कृतिक विभाग त्यांच्याकडे आला आणि त्यांनी पहिल्याच महिन्यात अनुदान मिळवून कॉलरला लावायचे आठ माइक आणले. “इतकं ओरडायचं कशाला? घरात बोलतो तसं बोला,” असं त्या पोरांना सांगत. पोरं खूश. ताईंनी पहिली तालीम पाहिली. पुटपुटी अगदी कुजबुजत बोलली आणि ते कुजबुजणं शेवटच्या खुर्चीपर्यंत लख्ख आलं. शिवाय चांगलंही वाटलं, हीच तर खरी जळजळ होती. ताईंचा हात मांडीवरून हललाच नाही. हलवायचं कारणच उरलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात व्हरांड्यातून पुटपुटीची हाक आली, “ताई!”

“काय गं?” ताई हातातली फाइल टाकून बाहेर आल्या.

“तुम्ही नाही हो काकू,” ती हसत म्हणाली, “त्या ताई.” आणि पलीकडून येणाऱ्या मॅडमकडे धावली.

काकू! ताई खोलीत परत येऊन बसल्या आणि बराच वेळ एकच पान उलटत राहिल्या. पोरीच्या मनात काही नव्हतं. मॅडम तरुण, म्हणून त्या ताई झाल्या, आणि एका कॉलेजात दोन ताई कशा चालतील, म्हणून या काकू. इतका साधा हिशेब. पण ताईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, “मग? मला लोक आजोबा म्हणतात, मी काय उपोषणाला बसलो का?”

“तुम्हाला नाही कळायचं.”

“कळतंय. त्या बाईवर जळतेस तू.”

“मी? त्या माइकवालीवर? माझं काय अडलंय!”

त्या रात्री भाजीत मीठ दोनदा पडलं. नवऱ्यानं मुकाट्यानं खाल्लं. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं शहाणपण त्याला आलं होतं.

तेव्हापासून ताईंना मॅडमचं सगळंच खुपू लागलं. मॅडमचं हसणं मोठं, मॅडमची अक्षरं तिरकी, मॅडम पोरांना चहा पाजून डोक्यावर बसवतात. एकदा मॅडम स्वतः येऊन म्हणाल्या, “तुम्ही तालमीला का येत नाही हल्ली? या ना. मुलं आठवण काढतात.” त्यात खोटेपणा कणभर नव्हता. ताईंना तो सापडला असता तर बरंच वाटलं असतं. “कामं असतात,” एवढंच त्या म्हणाल्या.

स्पर्धेची अंतिम फेरी यंदा आपल्याच सभागृहात होती, शनिवारी सकाळी साडेदहाला. पुटपुटीचं शेवटचं वर्ष, आणि मुख्य भूमिका तिची. त्याआधीच्या सोमवारी परीक्षा विभागाकडून एक पत्र आलं. शनिवारी दहा ते एक सभागृहाच्या भिंतीला लागून असलेल्या दोन खोल्यांत बाहेरची एक परीक्षा ऐनवेळी ठरली आहे, तेवढ्या वेळात सभागृहात कोणतंही ध्वनियंत्र लावू नये, कार्यक्रम असल्यास दुपारी घ्यावा. खाली जागा होती: सांस्कृतिक विभागप्रमुखांची सही.

ताईंनी पत्र वाचलं. आवक वहीत नोंद केली. वही उचलून त्या जिन्यापर्यंत गेल्यासुद्धा. वर मॅडमच्या खोलीतून हसण्याचा कल्लोळ येत होता आणि त्यात पुटपुटीचं हसू वेगळं ऐकू येत होतं. ताई अर्ध्या जिन्यावरून परत फिरल्या. पत्र त्यांनी खणात ठेवलं.

उद्या देऊ, असं मंगळवारी वाटलं. बुधवारीही. गुरुवारी मात्र त्यांनी स्वतःशी खोटं बोलणं सोडलं. त्यांच्या डोळ्यांपुढे शनिवार उभा राहिला होता: माइक बंद पडलेत, मॅडमच्या तोंडचं पाणी पळालंय, आणि सगळी पोरं वळून शेवटच्या रांगेकडे बघताहेत. ‘ताई, आता तुम्हीच!’ मग आपण उजवा हात वर करू आणि पुटपुटीचा तो वॉचमनला धावायला लावणारा आवाज उठेल. नाटक वाचेल. कुणामुळे वाचलं ते सगळ्यांना कळेल. नुकसान कुणाचंच नाही, उलट फायदाच, असंही त्यांनी मनाला पटवलं. शनिवारी त्या इस्त्रीचे कपडे घालून अर्धा तास आधी आल्या.

सगळं तसंच झालं. नाटक सुरू व्हायला पाच मिनिटं असताना परीक्षा विभागाचे साहेब लाल होऊन आत आले, वायरमनला सांगून सगळी यंत्रणा बंद केली आणि मॅडमवर डाफरले, “पत्र पाठवलं होतं ना तुम्हाला?” मॅडम म्हणाल्या, “मला नाही मिळालं.” परीक्षकांना दुपारी दुसऱ्या गावी जायचं होतं, त्यामुळे पुढे ढकलणं नाही. करायचं तर आत्ता, नाहीतर नाव काढून घ्या. पडदा उघडला.

पुटपुटी पुढे आली आणि बोलली. तिसऱ्या रांगेपर्यंत पोचलं असेल नसेल. ताईंचा हात वर गेला. ती पुन्हा बोलली, शब्द चौथ्या रांगेत विरले. हात वरच. मागच्या पोरांनी ‘आवाज, आवाज’ सुरू केलं, मग हसू, मग खुर्च्यांची खडखड. तिच्या मानेच्या शिरा ताईंना तेवढ्या लांबून दिसत होत्या. तीन महिने जो घसा घरात बोलावं तसा बोलला होता तो एका क्षणात कुठून उघडणार? हे ताईंना कळायला हवं होतं. बावीस वर्षांत दुसरं काही नसेल, पण एवढं तरी त्यांना कळत होतं. विसाव्या मिनिटाला तिचा आवाज फाटला आणि नंतर फुटेचना. पडदा ओढावा लागला.

ताई हात खाली करायला विसरल्या होत्या. शेजारच्या कुणीतरी तो धरून खाली केला.

पाणी घेऊन त्या मागच्या बाजूला गेल्या. पुटपुटी रंगपटाच्या पायरीवर बसली होती, तोंडाचा रंग ओघळलेला. ताईंना बघून ती उठली, आणि ताईंना वाटलं, आता पत्राचं विचारेल. तिनं विचारलं नाही. घशातून नुसता वारा निघावा तशी म्हणाली, “तुमचा हात दिसत होता मला. सारखा दिसत होता. खूप ओढला आवाज, नाही आला. दोन वर्षं शिकवलंत, मी सगळं घालवलं. रागावू नका हं माझ्यावर.”

ताईंनी पाण्याचा पेला तिच्या हातात दिला. मग त्या वळल्या, आपल्या खोलीत गेल्या, खण उघडला आणि पत्र घेऊन प्राचार्यांच्या खोलीकडे निघाल्या. पुटपुटी काही न कळून पेला घेऊन मागोमाग आली.

आत मॅडम उभ्या होत्या, डोळे लाल. प्राचार्य त्यांच्याकडून पुढच्या वर्षी विभाग काढून घेण्याबद्दल बोलत होते. ताईंनी पत्र टेबलावर ठेवलं.

“सोमवारी आलं हे. माझ्याकडेच होतं.”

प्राचार्यांनी तारीख बघितली, ताईंकडे बघितलं, पुन्हा तारीख बघितली. मॅडमच पुढे झाल्या. ताईंच्या दंडाला हात लावून हळूच म्हणाल्या, “असू दे. केवढी कामं असतात तुमच्या टेबलावर. विसरला असाल.”

किती सोपं होतं. नुसती मान हलवली की झालं असतं. प्राचार्यांचा चेहराही निवळत आला होता. दारात पुटपुटी उभी होती, आणि तिची नजर ताईंवर होती, त्या जे म्हणतील ते खरं मानायला तयार असलेली.

ताईंनी तिच्याकडे बघितलं आणि खोलीच्या शेवटच्या कोपऱ्यातही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “नाही मॅडम. विसरले नव्हते.”