वेळापत्रकाबाहेरचा पूल

बांधकाम खात्यात चौतीस वर्षे नकाशे काढलेल्या एका आरेखकांना सारे ‘फूटपट्टी’ म्हणत. दरीवरच्या ज्या जुन्या पुलाचा नकाशा त्यांनी उमेदवारीत सात वेळा गिरवला होता, तो प्रत्यक्ष पाहण्यासाठीच त्यांनी पत्नीसह ही बसची सहल घेतली. इंग्रज साहेबांनी वसवलेल्या पहिल्याच थंड हवेच्या गावात बसमधल्या खिडक्यांवरून भांडणे जुंपली, तेव्हा रोज बाजू बदलण्याचे वेळापत्रक त्यांनीच आखून दिले. नेमके दरीच्या दिवशी त्यांच्या वाट्याला डोंगराची बाजू आली. त्यातच दरडीच्या भीतीने बस पुलापाशी थांबणार नाही, असे गाईडने सांगितले.

“काका, या माझ्या जागेवर,” पलीकडे दरीच्या बाजूला बसलेल्या एक शिक्षिका म्हणाल्या.

“आज ती तुमची आहे,” ते घुश्शातच म्हणाले.

“अहो, उठा की! वेळापत्रक काय ब्रह्मदेवानं लिहिलंय?” पत्नी करवादली.

“मी लिहिलंय. म्हणूनच!”

ते कातळाकडे पाहत चरफडत राहिले. पत्नी मात्र पलीकडे जाऊन पूल डोळे भरून पाहून आली.

“कमानी नऊच आहेत ना?” त्यांना राहवेना.

“मोजायला नव्हते गेले, बघायला गेले होते.”

पुढच्या सहलीत जागा पत्नीने ठरवायच्या, एवढे घरी आल्यावर ठरले. पूल पाहायचा राहिला तो राहिलाच.