चौथा कागद

"उभी राहा. पाहुण्यांना तुझी गोष्ट सांग."

आमच्या संस्थेचे प्रमुख, सर, हे माइकवर म्हणाले. भंडाऱ्यातला आमच्या संस्थेचा खालचा हॉल. पुढच्या ओळीत बाहेरगावचे सात-आठ पाहुणे, संस्थेला देणगी देणारे. प्रत्येकाच्या हातात आमची चकचकीत पुस्तिका. मी तिसऱ्या ओळीत बसले होते, मांडीवर तारखांचं रजिस्टर. आठवडाभर खपून चार पानं लिहून आणली होती. कोणती केस कुठे अडली. बाल न्याय मंडळाची बैठक झाली नाही म्हणून कुणाचं पोर किती महिने लोंबकळत पडलं. पोलिसांकडून एक कागद मिळवायला किती खेटे घालावे लागतात. मला वाटलं, हेच विचारतील. हेच माझं काम आहे.

मी रजिस्टर घेऊन उठले, तर सर हसले. "ते राहू दे. त्यात कुणाला रस आहे? तू तुझी गोष्ट सांग."

तेवढ्यात मागच्या पडद्यावर फोटो आला. माझा भाऊ, सोळा वर्षांचा, डोळ्यांवर काळी पट्टी. शेजारी माझी आई. तिच्या बाजूला शाळेच्या गणवेशात, दोन वेण्या घातलेली मी.

"हीच ती मुलगी," सर म्हणाले. "आज आमच्याकडे कामाला आहे."

टाळ्या पडल्या.

कामाला आहे. भांडी घासायला असल्यासारखं. मी या संस्थेची विधी व्यवस्थापक आहे. गरिबांच्या पोरांवर, कुटुंबांवर केस पडली की ती आमच्याकडे येतात. वकील कोर्टात उभे राहतात, पण वकिलांच्या हातात जे पडतं ते माझ्या टेबलावरून जातं. कुणाची तारीख कधी, कुणाचा शाळेचा दाखला आला नाही, कुठल्या आईला बसचं माहीत नाही म्हणून आदल्या दिवशी फोन करायचा, सगळं मी बघते. माझी एक तारीख चुकली तर एक पोर आत राहतं. आजवर चुकलेली नाही. पाहुण्यांना त्याचं काय. त्यांना वेण्यांवाली पाहिजे होती.

आणि मी सांगितली. दरवर्षी सांगते तशीच सांगितली. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं तोंडपाठ झालं आहे. माझी मलाच शिसारी येते, पण मी सांगितली.

खाली उतरले तर एका बाईंनी माझा हात हातात घेतला. "कितना साफ बोलती हैं आप! आपको देखकर लगता नहीं."

काय लगता नहीं, ते त्या बोलल्या नाहीत. मला कळलं. आम्हाला ते लहानपणापासून कळतं. आम्ही बौद्ध. गाव पवनीकडचं, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, मग पुनर्वसनाच्या माळावर पत्र्याच्या घरात वाढलो. आमच्याशी चांगलं बोलणाऱ्यांच्या बोलण्यात हे "लगता नहीं" असतंच. मी हसले. तेही सवयीनं.

सर माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "छान. आता त्या तुमसरच्या पोरीला आत आण. आईलाही. आणि तिची फाइल घेऊन ये, काम कसं चालतं ते पाहुण्यांना दाखवू."

तुमसरची ती पोरगी सतरा वर्षांची. आई राइस मिलमध्ये मजुरीला. पोरगी एका मोठ्या घरी धुणंभांडी करायची. त्या घरातली सोन्याची साखळी गेली. साखळी सापडली नाही, पण बोट हिच्याकडे दाखवलं गेलं. मंडळानं तिला आईच्या ताब्यात दिलं होतं. पुढची तारीख गुरुवारची. तिला नर्सिंगला जायचं आहे. अर्ज मीच भरून दिला होता. केस सुटली आणि गावात बोभाटा झाला नाही तर ती जाईल. एवढंच तिच्याजवळ आहे. जास्त काही नाही.

मायलेकी बाहेर जिन्याजवळ उभ्या होत्या. बाकडं रिकामं होतं, तरी उभ्याच. पोरीच्या हातात पुस्तिका होती, कुणीतरी दिलेली. आमच्याच फोटोचं पान उघडून ती बघत होती.

"मॅडम," ती म्हणाली, "माह्यावालाबी फोटो असाच काढतीन का? काळी पट्टी लावून?"

मी पुस्तिकेतल्या त्या पानाकडे बघितलं.

"मी तं साखळी घेतलीच नाई. मंग पट्टी काहून? पट्टी तं चोरट्याले लावते."

आईनं तिला गप्प केलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी सांगसान तसं करू मॅडम. कागदावर आंगठा देला ना मी. आता नाई कसं म्हणाव?"

"कोणत्या कागदावर?" मी विचारलं.

"तुमीच त लावाले सांगतला. फुली मारून."

मी वर गेले. ऑफिसचं कपाट उघडलं. फाइल काढली, नाडा सोडला. नवीन माणूस आलं की आम्ही चार कागदांचा संच करतो. पहिला वकालतनामा. दुसरं प्रतिज्ञापत्र. तिसरं आईबापाचं हमीपत्र. अंगठा कुठे लावायचा तिथे मी पेन्सिलनं बारीक फुली मारून ठेवते, म्हणजे माणूस गोंधळत नाही. या फुल्यांचा मला अभिमान होता. एकदा वकील मॅडम म्हणाल्या होत्या, तुझ्यासारखा संच कुणी लावत नाही.

चौथा कागद संमतीपत्र. फोटो, नाव आणि माहिती संस्थेच्या प्रचारासाठी वापरायला आमची हरकत नाही. खाली फुली. फुलीवर त्या माउलीचा निळा अंगठा. बाजूला साक्षीदार म्हणून सही. माझी.

मी तो तिला वाचून दाखवला नव्हता. पहिले तीन वाचले. चौथ्याला म्हटलं, हाही लावा. मागे लोक बसलेले होते. घाई होती. घाई रोजच असते. रोज मी एवढंच म्हणते, हाही लावा.

असेच शब्द मी त्याआधीही एकदा म्हटले होते, याच ऑफिसात.

मी नववीत होते. कालव्याच्या कामावरची पाण्याची मोटार चोरीला गेली आणि पोलिसांनी माझ्या भावाला उचललं. बाप पाण्यावर मासे धरायला गेला होता. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तिच्यासोबत या संस्थेत आले. कारकुनानं चार कागद पुढे केले. तीन मी अक्षरं लावून वाचले. चौथ्यावर "संमतीपत्र" लिहिलं होतं. मी विचारलं, हा कशाचा? तो म्हणाला, सगळे केसचेच आहेत. आईनं माझ्याकडे बघितलं. "लावू का वं?" तिनं विचारलं.

"लाव ना माय. केसचाच हाये," मी म्हटलं.

भाऊ सुटला. सरांनीच सोडवला, हे मी कधी नाकारलं नाही. मंडळानं सांगितलं, याच्याविरुद्ध काही नाही. संस्थेत आमचा तिघांचा फोटो काढला, मग आम्ही घरी आलो. आईनं तांदळाची खीर केली. पुढच्या वर्षी तो फोटो छापून पुस्तिका निघाली. ग्रामपंचायतीत गेली, शाळेत गेली. पट्टी फक्त भावाच्या डोळ्यांवर होती. आईचं तोंड उघडं होतं, माझं तोंड उघडं होतं. पट्टीखाली कोण, हे शोधायला कुणाला डोकं लावावं लागलं? ज्यांना केस माहीत नव्हती त्यांनाही माहीत झाली. सुटला हे कुणी वाचलं नाही. गावानं त्याला मोटारचोर म्हणायला सुरुवात केली. वर्गात मास्तरही म्हणाला, हसत हसत. भावानं दहावी सोडली आणि नागपूरकडे कंपनीत गेला. तो गावात परत आला नाही. बाप गेला तेव्हा आला, माती देऊन त्याच दिवशी निघून गेला.

आम्हाला इतकी वर्षं वाटायचं, गावाची जीभ वाईट. फोटो पुस्तिकेत कसा गेला हे आईनं कधी विचारलं नाही. मीही नाही. मी तर शिकले, आणि ज्या टेबलावर तो कागद आमच्यापुढे सरकवला होता त्याच टेबलावर नोकरीला लागले. उपकार फेडायचे म्हणून. कारकून सरकवत होता, मी फुली मारायला लागले. एवढाच काय तो फरक.

मी फाइल परत ठेवली. कपाटाला कुलूप लावलं. किल्ली ब्लाउजमध्ये खोचली आणि खाली आले.

"आत नोको जा," मी त्या पोरीला म्हटलं. "बसस्टँडवर जा दोघी. गुरुवारी सकाळी दहाले कोर्टापाशी या. फोटो नाई, काई नाई."

"अन् तो आंगठा?" आई म्हणाली.

"तो चुकीचा हाये. मी घेतला होता. मीच वापस करतो."

त्या गेल्या. पोरीनं पुस्तिका बाकड्यावर ठेवून दिली.

मी हॉलमध्ये शिरले तेव्हा सर माइक हातात घेऊन दाराकडेच बघत होते. मी जवळ जाऊन सांगितलं, "ती येणार नाही. फाइलही येणार नाही."

"म्हणजे?"

"अल्पवयीन पोराची ओळख उघड करायला कायद्यानं बंदी आहे. हे तुम्हीच मला शिकवलं."

"पट्टी लावतो ना आपण." त्यांचा आवाज अजून गोड होता, माइक चालू होता म्हणून. मग त्यांनी तो बंद केला. "तू कुठून आलीस ते विसरलीस का? तुझ्या भावाला कुणी सोडवलं?"

"सोडवलंत तुम्हीच. गावभर दाखवलंत, तेही तुम्हीच."

"तुमच्या लोकांसाठी आयुष्य घातलं मी."

तुमच्या लोकांसाठी. सोळा वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकला असेल. पहिल्यांदाच माझी मान खाली गेली नाही. मी बघत राहिले. शेवटी त्यांनीच नजर वळवली आणि पाहुण्यांना चहाला चला म्हणाले.

गुरुवारी तारीख झाली. पोरगी आली, आई आली, कागद पूर्ण होते. केस अजून चालू आहे. मला कारणे दाखवा नोटीस आली. तीही माझ्याच टेबलावर, मीच आवक नंबर टाकून घेतली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी पाच वाजल्यानंतर मी एक काम करते. जुन्या केसवाल्यांची घरं शोधते. कुणी पवनीत, कुणी तुमसरला मिलच्या मागे, कुणी पुनर्वसनात. चौथ्या कागदात काय लिहिलं होतं ते त्यांना पहिल्यांदा वाचून दाखवते. माझी चूक होती हे सांगते. काही जण शिव्या देतात. खाते. एक म्हातारी म्हणाली, "तुह्यावर भरोसा होता म्हणून लावला माय." याच्यापुढे शिवी बरी. मग ज्यांना पाहिजे त्यांचा अर्ज लिहिते, संमती मागे घेत आहोत म्हणून. आधी पूर्ण वाचते, मग विचारते, मग फुली मारते.

पहिला अर्ज माझ्या आईचा आहे. दुसरा भावाचा असायला हवा होता. त्याला फोन केला. सगळं सांगितलं, चौथा कागद, आईचा अंगठा, मी म्हटलेलं "लाव ना माय". तो ऐकत होता. मशीनचा आवाज येत होता.

"आता सांगून राहिली?" तो म्हणाला आणि फोन ठेवला. नंतर त्यानं उचललेला नाही. त्याला माफ कर म्हणायची माझी हिंमत नाही, आणि हक्कही नाही.

हे मी लिहिलं आहे त्यात भावाचं नाव नाही. त्या पोरीचं नाही, आईचं नाही, माझंही नाही. फोटो नाही. कुणाला हळहळायचं असेल तर माझ्या तारखांच्या रजिस्टरवर हळहळा.

सोमवारी चौकशीला बोलावलं आहे. सर असतील, दोन विश्वस्त असतील. कपाटाची किल्ली घेऊन या असं पत्रात लिहिलं आहे. किल्ली मी नेणार आहे, अर्जांचा गठ्ठाही नेणार आहे, आणि बाल न्याय मंडळाला हे सगळं कळवलं त्या पत्राची प्रत. ठेवायचं तर ठेवा, काढायचं तर काढा. पण त्या संचात आता तीनच कागद राहतील. हे नोकरीत राहून होईल नाहीतर बाहेरून होईल.

ते मला उभं राहायला सांगतील. मी खुर्ची ओढीन, बसेन, रजिस्टर उघडीन आणि त्या दिवशी वाचू न दिलेल्या चार पानांपासून सुरुवात करीन.