बोंडेकाका आणि अडीच इंची पाइप

बोंडेकाका गाडीला समोरून कधी भेटत नसत. गल्लीत कुणी नवी गाडी आणली की सगळे बॉनेटभोवती जमत, पेढे खात, आणि हा माणूस सरळ मागे जाऊन सायलेंसरच्या तोंडासमोर तळहात धरून उभा राही. धुराचा धक्का, ऊब, ओल सगळं हातावर घ्यायचं, मग हात नाकाशी न्यायचा आणि निकाल द्यायचा. "समोरून गाडी पावडर लावून बसते बाप्पा. मांगून पाह्य तिले." मला त्यांचा राग यायचा. ते जाऊन आता वर्ष होईल, तरी राग गेलेला नाही. उलट वाढला आहे.

नागपुरात मानेवाड्याच्या आमच्या लेआउटमध्ये, प्लॉटांच्या वस्तीत, त्यांचं घर आमच्या भिंतीला लागून. नोकरी सगळी एका कारखान्यात, बॉयलरवर फिटर म्हणून. निवृत्त झाले तेव्हा दोन्ही कान कामातून गेले होते. यंत्र लावायला मुलीने किती सांगितलं, पण ऐकतील तर शपथ. "कान गेले तं गेले, हात आहेत ना," म्हणायचे. आम्ही त्यांच्याशी खुणांनीच बोलायचो. बॉनेटवर हात ठेवून ते इंजिनाचं दुखणं सांगत, आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघे, याचाही मला राग यायचा. माझ्या गाडीला हात लावण्याआधी त्यांनी कधी विचारल्याचं आठवत नाही.

माझ्या जुन्या गाडीचा सायलेंसर गंजून फुटला, तेव्हा काका म्हणाले, "कंपनीच्या मापाचा घे. आपण आंगणातच बसवून टाकू." मला मात्र मोबाइलवर पाहिलेला हवा होता, चकचकीत, अडीच इंची, चौकात वळलो की घरी कळावं अशा आवाजाचा. तो घरी आला त्या संध्याकाळी काका काकूंची बांगडी घेऊन हजर. बांगडी त्यांनी पाइपात सोडली. ती कुठेही न अडकता दुसऱ्या टोकाने खाली पडली. "एवढ्याशा इंजिनले एवढं नरडं काहून गा?" मी हसलो आणि पाइप उचलून आत ठेवला. रविवारी व्हिडिओ पाहत पाहत मी तो एकट्याने बसवला. मागच्या एक्सलवरून पाइप वळवणं काही जमेना, म्हणून तिथेच कापला आणि त्याचं तोंड मागच्या सीटखालीच सोडून दिलं. आवाज झकास आला. मी दोनदा उगाच चौकापर्यंत जाऊन आलो.

मे महिना होता. दर शनिवारी मी आईला खाप्याला मावशीकडे न्यायचो. काचा बंद, एसी चालू, आई मागच्या सीटवर. सावनेर येईपर्यंत तिचं डोकं ठणकायला लागे, मळमळे. दुसऱ्या शनिवारी तर उतरताना तिचा तोलच गेला. आता आम्ही नागपूरचे. मे महिन्यात माणसाला काहीही होवो, ते ऊनच. मी तिला पन्हं पाजलं, पिशवीत कांदा ठेवला, डोक्याला ओला दुपट्टा बांधला आणि काचा आणखी घट्ट बंद केल्या. हे लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तिसऱ्या शनिवारी परतलो तेव्हा काका फाटकाशी उभे होते. त्यांनी आईला हात धरून उतरवलं. "गाडीतून उतरल्यावर बरं वाटते का वं वहिनी?" आईने मान हलवली. मग ते गाडीमागे वाकले, खाली पाहून घेतलं आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून अंगणात आलो, तर गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढलेली, माझा पाइप करवतीने दोन तुकडे होऊन फरशीवर पडलेला, आणि गाडीखालून काकांचे पाय बाहेर. माझं डोकं फिरलं. ते बाहेर सरकले तसा मी सुटलो. "बहिऱ्या, तुले काय समजते बे गाडीतलं? चोरासारखा दुसऱ्याच्या घरात घुसतो?" जन्मभर ज्यांना तुम्ही म्हटलं त्यांना मी हे म्हटलं, आणि याहून घाण जे बोललो ते इथे लिहिणार नाही. गल्ली गच्च्यांवर आली. काका माझ्याकडे बघत उभे राहिले, माझं संपेपर्यंत.

मग त्यांनी मागचं दार उघडून पायाखालचं मॅटिंग उचललं. तळाला रुपयाएवढं भोक होतं. त्याचं रबरी बूच कधीच पडून गेलेलं, आणि भोकाभोवती काजळी. काकांनी माझं बोट धरून तिच्यावरून फिरवलं. "हा धूर तुही माय पिऊन राहिली," ते म्हणाले. "ऊन नाही बे हे."

कंपनीच्या मापाचा पाइप त्यांनी आणूनच ठेवला होता. "मी नाही बसवत. जाय खाली, तूच बसव." आधी सगळे नट ढिले ठेवायचे, पाइप रबरांवर लटकवायचा, तो कुठे घासत नाही हे पाहायचं, आणि मग पुढून मागे एकेक आवळत यायचं. पाठीखाली फरशी तापत होती, डोळ्यांत गंज पडत होता, आणि वरून काका पाना बदलून देत होते. शेवटी गाडी चालू करायला लावून त्यांनी अगरबत्ती पेटवली आणि एकेका सांध्याजवळ धरली. धूर सरळ गेला की पुढचा सांधा. एका ठिकाणी तो फडफडला. "आवळ अजून." भोकाला नवं बूच त्यांनी स्वतः लावलं. पुढच्या शनिवारी आई खाप्यापर्यंत मावशीच्या सुनेची गाऱ्हाणी सांगत आली. डोकं दुखलं नाही.

माफी मी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू, असं चार दिवस केलं. मग वाटलं, त्यांना ऐकू कुठे आलं असेल? नुसता हातवारे करणारा, लाल झालेला पोरगा दिसला असेल. त्या समजुतीवर मी दोन वर्षं आरामात काढली. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून काकूंच्या हातचा चहाही प्यायलो.

जानेवारीत काका गेले. तेरवीला मी काकूंजवळ बसलो होतो. कुणीतरी म्हणालं, काकूंनी बहिऱ्या माणसाबरोबर संसार कसा केला असेल. काकू म्हणाल्या, "मले काही जड नाही गेलं. बॉयलरपाशी कोणाचंच ऐकू येत नसे, तिथं सारेच ओठ पाहून बोलत. त्याईले समोरच्याच्या तोंडावरून सारं समजे."

मी विचारलं, "काकू, मग त्या दिवशी, मी अंगणात..."

"समजलं ना बाबू," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी जेवले नाही. मी दोनदा ताट वाढलं."

काकांनी हे एकदा तरी मला जाणवू द्यायला हवं होतं. एखादा टोमणा मारायचा, चहा द्यायचा नाही, तोंड फिरवायचं. काही केलं नाही त्या माणसाने, आणि म्हणून मला त्यांचा राग येतो. त्यांच्यापेक्षा माझा जास्त येतो. दोन वर्षं रोज संध्याकाळी मी त्यांच्यासमोर हातभर अंतरावर बसत होतो. चुकलो, एवढं म्हणायला मला आवाजसुद्धा लागला नसता.