बाप समोर बसलेला असताना

मैत्रिणींनो, आपल्या फिरत्या वहीत आजचंच लिहिते. सांगलीच्या आमच्या दवाखान्यात सकाळी मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन अडलं. रहिमतपूरकडचा फौजी डोकं भादरू देईना. "बाप जिता हाय माजा. त्येच्या जिवाला अपशकुन नको."

मी तिथल्याच प्रयोगशाळेत काम करते, म्हणून त्याला समजवायला मला बोलावलं. गाठीच्या पेशी कशा वाढत जातात, ते त्याला समजावलं. तरी त्याचं नाहीच.

बाहेर बसलेले त्याचे वडील हे ऐकून आत आले आणि स्टूल ओढून समोरच बसले. "बोलवा न्हाव्याला. मी हितंच हाय. केस पडताना माज्याकडं बगत ऱ्हा, मरतोय का ते!"

फौजी हसला आणि त्यानं वस्तऱ्याखाली डोकं दिलं.

उद्या त्या गाठीचा तुकडा माझ्याकडे तपासायला येईल. पण भीती कुणाच्या जिवाची आहे, हे त्यानं सांगूनही मी ऐकलंच नव्हतं, पेशींचंच सांगत बसले. तुम्ही ऐकलं असतं?