अमर घरी आल्यावर

राळेगाव तालुक्यातल्या इंदूबाईंना पोटच्या पोराची भीती वाटायची. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

अमरनं बापाच्या, वामनरावांच्या डोक्यात कुऱ्हाड घालून त्यांचा जीव घेतला होता. बाप जेवणात विष कालवतो, असं त्याच्या कानातला आवाज सांगायचा. आजारपणात त्याला कशाची शुद्ध नव्हती, हे कोर्टानं मानलं आणि तुरुंगाऐवजी मनोरुग्णालयात ठेवलं. इंदूबाई भेटायला जायच्या. जाळीपलीकडून तो हसायचा, आणि त्या डबा पुढे सरकवून लगेच मागे व्हायच्या.

बऱ्याच वर्षांनी तो बरा झाला, असं डॉक्टरांनी कळवलं. गोळ्या आईनं द्यायच्या या अटीवर त्याला घरी सोडलं.

अमर शहाण्यासारखा वागे. बैलांना पाणी दाखवी, अंगण झाडी. तरी त्याच्याकडे पाठ करून इंदूबाई कधी बसल्या नाहीत. शेजारच्या शकुबाईनं तर नातवंडांना त्या अंगणात पाठवणंच बंद केलं.

एका सकाळी कापूस वेचता वेचता अमर थांबला.

"माय, तो पुन्हा बोलून राह्यला."

इंदूबाईंच्या कमरेच्या ओटीतला कापूस खाली सांडला. "काय म्हणते?"

"तुह्यं नाव घेते. मले दवाखान्यात घेऊन चाल. आत्ताच."

शिवारात दुसरं कुणी नव्हतं. गावातून कुणाला बोलवावं, तर लोक त्याला बांधून झोडपतील. इंदूबाईंनी तोंडावर पदर दाबला, मग म्हणाल्या, "चाल."

एसटीत तो खिडकीशी बसला. ओठ हलत होते, मुठी वळत होत्या. "माय, तू मांगं जाऊन बस."

"कायले?"

"मले भेव वाटते."

"मलेबी वाटते रे," इंदूबाई म्हणाल्या. एवढं त्या पहिल्यांदाच बोलल्या. घामानं पाठ भिजली, पण त्या उठल्या नाहीत. पोहोचेपर्यंत त्याचं मनगट धरून राहिल्या. ते आपण धीरासाठी धरलंय की आवरण्यासाठी, हे त्यांनाही कळत नव्हतं.

डॉक्टरांनी त्याला लगेच भरती केलं, औषध बदललं. "स्वतःहून सांगितलं त्यानं. सगळ्यांना नाही जमत हे," ते म्हणाले. "बरा झाला की घरी न्याल?"

इंदूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "नेईन. पण भेव नाही जाणार, डाक्टरसाहेब."

उन्हाळ्यात अमर परत आला. आता रोज चहा ठेवण्याआधी त्या विचारतात, "आज काही बोलला का तो?"

अमर खरं ते सांगतो. कधी कधी उत्तर यायला जरा वेळ लागतो, आणि तेवढा वेळ इंदूबाई श्वास रोखून उभ्या राहतात.