जो गैरहजर, त्याच्या गळ्यात

एक दाढ ठणकली नसती, तर व्हर्लीन स्टॉडर्डचं म्हातारपण सुखात गेलं असतं. एकोणीस वर्षांपूर्वी, मार्चातल्या एका रविवारी, गाल धरून ती घरी पडून राहिली आणि सभेला गेली नाही. संध्याकाळी खानावळवाली डोरीन सूप घेऊन आली, आणि सुपाबरोबर पंपघराची किल्ली.

"अभिनंदन," डोरीन म्हणाली. "पाणी समितीची अध्यक्ष झालीस. एकमतानं."

हॅकेट वेल्स गावाची रीतच तशी. वर्षातून एकदा पाण्याची सभा भरते, आणि जो येत नाही त्याला अध्यक्ष करतात. पगार नाही, मान नाही, आणि नको म्हणायला माणूस जागेवर नाही. सगळे आले तर जुनाच अध्यक्ष पुढे चालू. राजीनामा द्यायचा तर तो अध्यक्षाकडे, म्हणजे व्हर्लीननं व्हर्लीनकडे द्यायचा. आता बोला.

तेव्हापासून या गावात सभा कुणी म्हणून चुकवली नाही. एरवी ही माणसं कशाला येत नाहीत. मतदानाला जात नाहीत, चर्चची घंटा झाली की कूस बदलतात. पण पाण्याच्या सभेला हॉल गच्च. मेंढपाळ ज्यो अर्रिएटा मांडीपर्यंत प्लास्टर घालून आला. डोरीन पित्ताशय काढून दोन दिवस झाले नाहीत तोच उशी पोटाशी धरून आली. ऑर्व्हिल टॅकेट तर बायको नेडीन अंथरुणाला खिळलेली असताना आला, आणि शेगडीजवळच्या आपल्या खुर्चीत बसून पाण्याच्या वासावर अर्धा तास बोलला. जगाच्या पाठीवर इतकी जागरूक जनता कुठं सापडायची नाही.

आणि व्हर्लीन बसली होती लष्करच्या भाकऱ्या भाजत. जानेवारीत टेकडीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह गोठला की हेअर ड्रायर घेऊन ती तिथं उकिडवी बसायची. उन्हाळ्यात पंपघरात रॅटलस्नेक साप गारव्याला यायचे, त्यांना फावड्यानं बाहेर काढायची. वर तक्रारी. त्यातही ऑर्व्हिल. पंच्याऐंशीचा झाला तरी कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. ती अंडं फोडतेय न फोडतेय तोच फोन यायचा.

"पाण्याला वास येतोय."

"कसला?"

"पाण्याचा."

पुढं काय बोलणार? "येऊन बघते," म्हणायचं आणि अंडं करपू द्यायचं. तो खिडकीशी ग्लास धरून तयारच असायचा. ती घोटभर प्यायची, म्हणायची, "काही नाहीये त्यात." तो म्हणायचा, "तेच तर. चवच नाहीये."

ती मधेच सोडून का गेली नाही, असं बाहेरचं कुणी विचारील. एकदा गेली होती ना. पुतणीच्या लग्नाला, तीन दिवस. जाताना दहा जणांना दाखवून गेली: पंप बंद पडला तर हे लाल बटण दाबा. परत आली तर पंपघरासमोर बादल्यांची रांग. पंप पहिल्याच दिवशी बंद पडलेला, आणि बटणाला कुणी बोट लावलेलं नाही.

"तू येशील म्हटलं," ज्यो म्हणाला.

"बटण, ज्यो. एक बटण."

"हो, पण अध्यक्ष तू आहेस."

पालथ्या घड्यावर पाणी. तेही तिनंच वाहून आणलेलं.

या वर्षी मात्र गोष्ट निराळी होती. तिची धाकटी बहीण अर्डिथ तिकडे समुद्रकाठी एकटी राहायची, आणि तिची नजर चालली होती. आधी वाचणं गेलं, मग शिवण, मग एक दिवस तिनं कॉफीत मीठ घातलं आणि पूर्ण कप पिऊन झाल्यावर व्हर्लीनला फोन केला. फेब्रुवारीत ती पायऱ्यांवरून पडली.

"वृद्धाश्रमात खोली मिळतेय," अर्डिथ म्हणाली. "मार्चअखेर हो किंवा नाही सांगायचंय. तू येऊन राहिलीस तर नाही सांगते."

"सभा होऊ दे, मग येते."

"तुझं दर वर्षी सभेनंतरच असतं, व्हर्लीन."

फोन ठेवल्यावर ती ओट्यावरच्या किल्लीकडे बघत बसली. मग तिनं सरळ मनाशी मागणं मागितलं: देवा, कुणाला तरी ताप येऊ दे. फार नको. एका रविवारपुरता.

कुणालाही ताप आला नाही. सभेच्या दुपारी हॉलबाहेर ट्रकांची ही गर्दी. आधी जेवण. बीन्स, मक्याचा ब्रेड, ज्योच्या घरचं मटण, डोरीनचा जुनिपरच्या लाकडाहून कडक ॲपल-पाय. सगळे निरोगी, सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं. मग डोरीन उभी राहिली आणि हजेरी घ्यायला लागली.

"अर्रिएटा."

"हजर."

"टॅकेट."

डोरीननं चष्म्यावरून पाहिलं. शेगडीजवळची खुर्ची रिकामी होती.

"ऑर्व्हिल टॅकेट?"

हॉलमध्ये सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "बरं नसेल," ज्यो म्हणाला. "म्हातारा माणूस. कुणीतरी जाऊन बघायला हवं."

"आधी मत घ्या," व्हर्लीन म्हणाली.

"अगं, पण पडलाबिडला असला तर?"

"मत घ्यायला कितीसा वेळ लागतो? हात वर करा."

हात वर झाले. सगळ्यात आधी तिचा. सुंठीवाचून खोकला गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ॲपल-पायचा दुसरा तुकडा घ्यायला उठले.

"किल्ली तूच नेऊन दे," डोरीन तिच्याकडे न बघता म्हणाली. "आणि तो जिवंत आहे का तेही बघ."

गाव संपून सेजब्रशचं झुडपी रान सुरू होतं तिथं ऑर्व्हिलचं घर. वाटेत तिचा आनंद वितळायला लागला. या माणसानं आजवर सभा चुकवली नव्हती. पडला असेल. जेवणाआधीच कुणी गेलं असतं तर? आणि तिनं हात वर करायला लावले होते. लाज वाटली. त्या लाजेत आणखी एक विचार आला, त्याची तर फारच वाटली: मेलेला माणूस अध्यक्ष चालत नाही. म्हणजे पुन्हा तीच.

"मेला असलास तर बघ, ऑर्व्हिल," ती स्टिअरिंगला म्हणाली.

तो व्हरांड्यात बसला होता. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावून भांग, हॅट गुडघ्यावर, हातात पाण्याचा ग्लास. सभेला जायला तयार झालेला माणूस.

"झालं का मतदान?" त्यानं विचारलं.

व्हर्लीनला इतका संताप आला की पायरीवर बसावंच लागलं. "ट्रक बंद पडला?"

"ट्रकला काय धाड भरलीय?"

"तब्येत?"

"तुझ्यापेक्षा बरी."

"मग आला का नाहीस, म्हाताऱ्या? माझा जीव गेला असता इथवर येईतो."

त्यानं ग्लास उन्हात धरून पाहिला, घोट घेतला. "अर्डिथला आता कितपत दिसतं?"

"उजेड दिसतो. माणसं नाही."

"हं." त्यानं ग्लास खाली ठेवला. "नेडीन गेली तेव्हा मी सभेत होतो. सकाळी म्हणाली होती, आज नको जाऊस. म्हटलं, नाही गेलो तर पंप गळ्यात पडेल. गेलो. नाव आलं तेव्हा हजर म्हणालो. मग त्या वासाबद्दल बोलत बसलो."

हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. व्हर्लीनला तर पक्कं. त्या दिवशी अध्यक्ष म्हणून तिनंच त्याला बोलू दिलं होतं, दोनदा घड्याळाकडे बघितलं होतं आणि मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. या विषयावर कुणी त्याच्याशी कधी बोललं नव्हतं. तीही नाही.

"ऑर्व्हिल," ती म्हणाली.

"किल्ली आण इकडे. आणि त्या टाकीची झडप तू उलटी बसवलीयस. मी सहा वर्षं सांगतोय."

"उलटी नाहीये ती."

"उलटीच आहे. तू नीघ उद्या. घाटात बर्फ पडायच्या आत."

तिनं किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. लाल बटण दाखवते म्हणाली, तर तो म्हणाला, मला माहीत आहे कुठंय, आंधळा नाही मी. आणि मग ओशाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅगा ट्रकमध्ये ठेवून ती शेवटची घरात आली. स्वयंपाकघरातला नळ सोडला, ग्लास भरून प्यायली. मग फोन उचलला.

"ऑर्व्हिल, पाण्याला वास येतोय."

पलीकडे तव्यावर काहीतरी चरचरत होतं.

"तू अजून घरात काय करतेयस?" ऑर्व्हिल म्हणाला. "नीघ. मी येऊन बघतो."