अडकलेला 'त'

माझे यजमान मेहकरला कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे. आमचं घर डोणगावला. कावीळ होऊन ते गेले तेव्हा मी विशीतच होते. तेरावं झाल्यावर धाकट्या दिरानं त्यांचं टाइपाचं मशीन घरी आणून ओसरीवर ठेवलं.

"वहिनी, एक गिऱ्हाईक पाहून ठेवलं मी. इकून टाकू हे."

"मले येते टाइप कराले," मी म्हणाले.

यजमानांनीच शिकवलं होतं. सुट्टीच्या दिवशी ते वर्तमानपत्र वाचायचे आणि मी टाइप करायची. दिरानं मशीन माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाला, "करून दाखवा बरं."

मी कागद लावला. दुसऱ्याच शब्दात 'त'ची कळ खाली गेली ती वर आलीच नाही. बोटानं उचलली, पुन्हा दाबली, पुन्हा तेच.

"बिघडलं हे," दीर म्हणाला आणि शेतात निघून गेला.

त्या दिवसांत मला रडू येत नव्हतं. भूकही कळत नव्हती; पुढ्यात ताट आलं की जेवायची. बायका बसायला यायच्या, माझ्याकडे बघून सासूबाईंना हळूच विचारायच्या, "रडली काय हे?" सासूबाई नाही म्हणून मान हलवायच्या. मला ते सगळं ऐकू यायचं, पण दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय असं वाटायचं. मशीन समोर होतं, म्हणून मी मशीन घेऊन बसले.

आधी शिलाई मशीनचं तेल सोडलं. त्यानं आणखी बिघडलं. धूळ आणि तेलाचा चिकटा झाला आणि शेजारच्या दोन कळाही बसल्या. मग फीत काढून ठेवली, चिंधी राकेलात बुडवून एकेक दांडी पुसली. शेजारच्या कळा मोकळ्या झाल्या. 'त' मात्र तसाच. त्याची दांडी वाकलीय का पाहिलं, तर सरळ होती. स्प्रिंगही जागेवर होती. शेवटी गोधडीवर मशीन उलटं केलं आणि आरशानं उन्हाची तिरीप आत पाडली. कळेच्या खाली, अगदी आत, काहीतरी तपकिरी दिसलं. केसातल्या आकड्यानं ते बाहेर ओढलं.

सुपारीचं खांड होतं. टाइप करताना यजमानांच्या तोंडात सुपारी असायची आणि कातरलेली खांडं मशीनशेजारी पडलेली असायची.

मी ते तळहातावर घेऊन पाहिलं. काहीच वाटलं नाही. फेकायला हात उचलला, तेवढ्यात दारातून सासूबाई म्हणाल्या, "थांब. काय हाय ते?" मी हात पुढे केला. त्यांनी खांड उचललं, पदराच्या टोकाला बांधलं आणि भिंतीकडे तोंड करून रडू लागल्या. मी मशीन सरळ केलं, फीत बसवली. 'त' उमटत होता. ओळ संपेपर्यंत मी तोच टाइप करत राहिले.

संध्याकाळी दिरानं कागद पाहिला. "सोमवारी येता काय मग मेहकरले?"

"हो."

त्या सोमवारी कचेरीसमोर त्यानं टेबल मांडून दिलं आणि माझ्यामागे उभा राहिला. बऱ्याच वेळानं एक म्हातारे शेतकरी आले. त्यांनी मशीन ओळखलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"इथं बसत जाय ते भाऊ कुठी गेले?"

दिरानं मान खाली घातली.

"वारले ते," मी म्हणाले. "तुमचं नाव सांगा."